वांग्याच्या वाफ्याखालची लाइन

माझ्या आईला अजूनही कुणी विचारलं, 'पोरगा काय करते?' तर ती सांगते, 'जमिनीले टोचे मारत फिरते.' ऐकणाऱ्याला वाटतं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. माझ्या लग्नाच्या वेळी तर एक स्थळ परत गेलं ते याच वाक्यावर. नंतर आई म्हणाली, 'मी काय खोटं बोलली का?' खोटं नव्हतंच. मी खरंच जमिनीला टोचत फिरतो.

आमचं घर पवनारचं आणि धंदा भाजीचा. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. भावांच्या वाट्याला वाफे आले, माझ्या वाट्याला आयटीआयचं सर्टिफिकेट. त्यावर मी वर्ध्यात एका ठेकेदाराकडे लागलो. नळाच्या जुन्या लाइनी दुरुस्त करायचं त्याच्याकडे काम होतं. मी सुपरवायझर. माझ्या हाताखाली चार मजूर आणि एक मिस्त्री, पण मिस्त्रीच्या मते मीच त्याच्या हाताखाली होतो. त्याचे केस खड्डे खोदण्यातच पांढरे झाले होते. त्याच्याकडे पुरुषभर उंचीची सब्बल, म्हणजे पहार होती. ती जमिनीत रोवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, 'पानी बोलून राह्यलं.' दोनदा आम्ही त्या बोलण्यावर खड्डा केला. दोन्ही वेळा बोलत होती ती शेजारची पिठाची गिरणी.

त्या उन्हाळ्यात नालवाडीच्या टोकाच्या एका गल्लीतून तक्रार आली. सकाळी तासभर नळ येतो, पण शेवटच्या सहा-सात घरांना बादलीभरही पाणी पोचत नाही. मधेच कुठेतरी लाइन फुटली होती, हे उघड होतं. पण लाइन होती कुठे? ऑफिसातल्या नकाशावर लिहिलं होतं, 'पानठेल्यापासून सोळा फूट पश्चिमेस.' पानठेलेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'कोन्या जागेपासून मोजून राह्यले? मी तीनदा जागा बदलली.'

आमच्याकडे जमिनीखालची लाइन शोधायचं एक मशीन होतं. ते लोखंडी पाइपवर किंवा करंट असलेल्या वायरवर आणलं की पीं पीं करायचं. पण ही लाइन प्लास्टिकची. प्लास्टिकवर मशीन मुकं. म्हणजे टोचून पाहण्याखेरीज उपाय नव्हता.

मी डोकं चालवलं. वेल्डिंगच्या दुकानातून एक सळाख घेतली, तिचं टोक ग्राइंडरवर घासून भाल्यासारखं केलं आणि वर लोखंडाचीच आडवी मूठ वेल्ड करून घेतली. झाला टोचा तयार. मिस्त्रीने टोकावर अंगठा फिरवून पाहिला आणि खूश झाला. 'भाऊ, आता पाताळातला शेष बी सापडते.'

शेष नाही, काकू सापडल्या.

काकू म्हणजे त्या गल्लीच्या मध्यावर राहणाऱ्या एक बाई. वय पंचावन्नच्या आसपास, नवऱ्यामाघारी एकट्या भाजी पिकवून बाजारात विकणाऱ्या, आणि आवाज असा की बाजारात त्यांना तराजूपेक्षा आवाजाचाच उपयोग जास्त. घरासमोर, गल्लीच्या पलीकडच्या रिकाम्या तुकड्यावर त्यांचे वाफे होते. त्या सकाळी त्यांनी अंगणात बाजेवर पांढरं धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. बाजेपासून चार पावलांवर मी टोचा रोवला. जमीन काळी, उन्हाने दगड झालेली, टोचा चार बोटंही जाईना. मिस्त्री म्हणाला, 'सरका,' आणि घण घेऊन मुठीवर एक हाणला. टोचा सर्रकन खाली गेला. मग खालून फुस्स असा आवाज आला. मी टोचा ओढला आणि त्याच्यामागून पाणी उठलं. पुरुषभर उंच, वाऱ्याने कललेलं, नेमकं बाजेच्या दिशेने.

काकूंच्या घरात जाणाऱ्या नळाच्याच पाइपला आम्ही भोक पाडलं होतं. मिस्त्री भोकावर बसला. खरंच बसला, मांडी घालून. तरी त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी उडत होतं. काकू बाहेर आल्या. आधी कुरडयांकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, मग माझ्याकडे.

'काऊन रे, तुले दुसरी जागा नाई भेटली?'

'काकू, लाइन शोधून राह्यलो होतो.'

'सापडली ना मग!'

पाइप तासाभरात जोडून दिला. कुरडया मात्र जोडता येत नव्हत्या. मी माफी मागितली. काकूंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, 'गहू भिजाले तीन दिवस लागते. चौथ्या दिवशी सकाळी सातले येजो. त्या म्हाताऱ्यालेही घेऊन येजो. आंघोळ करून.'

आम्ही गेलो. आंघोळ करून गेलो. मिस्त्रीने चुलीवरचा चीक घोटला. आयुष्यभर सब्बल मारलेला माणूस, पण दहा मिनिटांत त्याच्या तोंडाला फेस आला. मी सोऱ्या दाबत होतो. काकूंच्या कुरडया गोल, जाळीदार. माझ्या मात्र ऑफिसातल्या नकाशासारख्या, कुठून निघाल्या नि कुठे गेल्या ते कळत नव्हतं. गल्लीतल्या बाया पाणी भरायचं सोडून आम्हाला पाहायला आल्या. एकीने फोटोही काढला. तो फोटो ठेकेदाराच्या इंजिनिअर साहेबांपर्यंत कसा पोचला, ते मला आजही माहीत नाही.

साहेब पुण्याकडचे, हळू बोलणारे. त्यांनी माझा टोचा मागवला, टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिले.

'अहो, हा टोचा आहे की भाला?'

मी टोक माझ्याकडे वळवून घेतलं.

'अणकुचीदार टोक पाइपला लागलं की आत शिरणार. त्यात पाइपचा काय दोष? आणि ही मूठ लोखंडाची, दांडी लोखंडाची. खाली वायर असती तर करंट थेट तुमच्या हातात आला असता. वर घण कोणी मारला?'

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर मिस्त्री उभा होता, तो तिथून सरकला.

आठवड्याभरात नागपूरहून नवा टोचा आला. दांडी फायबरची, केशरी रंगाची. मुठीवर रबर. टोकाला बोराएवढा पोलादी गोळा, दांडीपेक्षा किंचित जाड. त्यामुळे भोक दांडीपेक्षा मोठं पडतं आणि दांडी मातीत अडकत नाही. गोळा गोल असल्याने पाइपवर टेकतो, पण आत घुसत नाही. मिस्त्रीने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, 'हे तं कान कोराचं दिसते.'

साहेबांनी स्वतः ऑफिसमागच्या मोकळ्या जागेत करून दाखवलं. रबरी हातमोजे घातले, टोचा सरळ उभा धरला, दोन्ही हातांनी, अंगाचा भार हळूहळू टाकत. 'जात नसेल तर जबरदस्ती करायची नाही. जागेवर पाणी ओता, थांबा, मग पुन्हा करा. घण तर विसराच. आणि टोचण्याआधी मशीन फिरवायचं. दरवेळी.'

मिस्त्री हसला. 'साहेब, प्लास्टिकवर मशीन बोलतच नाई.'

'प्लास्टिकसाठी नाही. शेजारी वायर असली तर ती कळावी म्हणून. हा टोचा फायबरचा आहे, पण म्हणून तो वायरीत खुपसायचा नसतो. मोजे आणि फायबर चूक झाली तर वाचण्यासाठी आहेत. चूक करण्यासाठी नाहीत.'

मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

खरी विद्या हाताची होती. टोकाला काय लागलं ते मुठीतून ओळखायचं. ती शिकायला मी टोचा घरी पवनारला नेला. आईला म्हटलं, 'मी तोंड फिरवून उभा राहतो. तू ओल्या वाफ्यात वेगवेगळ्या वस्तू पुर. मी टोचून सांगतो.' आईला हा खेळ फार आवडला. दगड ओळखला, टक्क करून हात झिणझिणतो. वीट जरा भुसभुशीत. मूळ लवचिक, दाबलं की परत ढकलतं. प्लास्टिकचा पाइप ठप्प असा पोकळ लागतो आणि टोक त्याच्या गोलाईवरून बाजूला घसरू पाहतं. मग दोन्ही बाजूंना वितीवर टोचायचं. तिथे टोचा खोल गेला, की मधली वस्तू केवढी रुंद ते कळतं. पुढे हातभर सरकून पुन्हा तेच. रेघ सरळ मिळाली तर पाइप.

शेवटची वस्तू मात्र काही केल्या ओळखू येईना. कडक होती, पण दगड नव्हे. पोकळ होती, पण पाइप नव्हे. मी अर्धा तास टोचलं. शेवटी म्हणालो, 'मडकं.' आई हसत खाली बसली. उकरलं तर भोपळा निघाला, चाळणी झालेला. रात्री त्याचीच भाजी केली. भाऊ म्हणाला, 'चला, हिला मसाला आतपर्यंत लागला.'

पुन्हा नालवाडीला गेलो तेव्हा काकूंचा राग उतरला होता. उतरला म्हणजे किती, तर त्यांनी चहा दिला. वर स्वतःहून माहितीही दिली. 'लाइन ना? ते त्या बाजूले हाय, नालीजवळून. टाकली तवा मी अथीच उभी होती.'

आम्ही नालीच्या बाजूने दोन दिवस टोचलं. पाणी ओतलं, थांबलो, टोचलं. दगड सापडले, एक जुनी चप्पल सापडली, कुणाचं तरी पितळी झाकण सापडलं. झाकण निघाल्यावर गल्लीत बोलवा झाली की हे गुप्तधन शोधून राह्यले. एक आजोबा खुर्ची घेऊनच येऊन बसले. काकू दर दोन तासांनी चहा आणत. मिस्त्री म्हणाला, 'भाऊ, बाई लाखात एक हाय. लाइन नाई सापडली तरी चालते.' दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी मला एक पिशवीभर वांगी दिली.

ती वांगी मी आईसमोर ठेवली. तिने एक उचललं, देठ पाहिला, सालीवरून बोट फिरवलं.

'कोनाचे हायेत?'

'नालवाडीच्या त्या काकूचे.'

'त्यांच्याकडे विहीर हाय?'

'नाई.'

'बोअर?'

'नाई.'

'अन् नळाले पानी येत नाई म्हनून तू तथी जाऊन राह्यला.' आईने वांगं माझ्यासमोर धरलं. 'या उन्हात असं वांगं रोज पानी पेल्याशिवाय होत नाई. तुले भाजीवाल्याच्या घरी जन्माले घालून काय फायदा झाला?'

मी रात्रभर लाजलो. दोन दिवस मी त्या हिरव्यागार वाफ्यांच्या काठावर उभा राहून चहा पीत होतो. आजूबाजूचे कडुनिंबसुद्धा मरगळले होते आणि काकूंची वांगी पॉलिश केल्यासारखी चमकत होती.

तिसऱ्या दिवशी मी सरळ वाफ्यांकडे गेलो. काकू घरात होत्या. मशीन गाडीत होतं. मिस्त्रीने विचारलं, 'मशीन काढू का?' मी म्हणालो, 'राहू द्या. नकाशात इकडं वायर नाई. अन् प्लास्टिकवर त्याचा काय उपयोग?' हे मी म्हणालो. साहेबांनी आठवडाभरापूर्वी मला उभं करून समजावलं होतं, आणि मी मिस्त्रीचंच वाक्य बोललो. घाई होती, मनात राग होता, आणि आपण शहाणे झाल्याचा आनंदही होता.

मोजे मात्र घातले होते. पहिला टोचा घातला तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. पाणी ओतायची गरजच नव्हती, खाली चिखल होता. मी मिस्त्रीकडे पाहून हसलो. दोन पावलं पुढे, गल्लीच्या कडेला, तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग होता, त्याच्या जवळ दुसरा टोचा लावला आणि भार टाकायला लागलो.

'थांब!'

काकूंचा आवाज मी बरेचदा ऐकला होता, पण असा नाही. त्या दारातून धावत येत होत्या. एका हातात लाटणं, पदर खाली लोळत.

'थांब रे बाबू! हालू नोको! खाली करंट हाय!'

मी जसा होतो तसाच राहिलो. मूठ छातीशी, टोक जमिनीत वीतभर. मिस्त्री माझ्यामागे एक पाय उचलून चालायच्या बेतात होता, तो तसाच एका पायावर थांबला.

'कोठी हाय करंट?' मी विचारलं.

'तुह्या पायाखाली! मोटरची वायर हाय!'

'बटन बंद करा ना काकू!'

'हाव, हाव!' त्या उलट्या घरात पळाल्या.

साहेबांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं. शंका आली की टोचा ओढायचा नाही. मूठ सोडायची. पळायचं नाही. दोन्ही पाय जवळ ठेवून, घासत घासत, अंगठ्याएवढी पावलं टाकत दूर जायचं. मी मूठ सोडली आणि मिस्त्रीला म्हणालो, 'मामा, पाय जवळ ठेवून घासत चला.' एरवी मी त्याला मिस्त्री म्हणायचो, त्या क्षणी मामा निघालं. त्यानेही काही न बोलता पाय टेकवला. आम्ही दोघं एकामागोमाग एक, नव्या नवरीसारखे, वाफ्यातून रस्त्याकडे सरकत निघालो. खुर्चीवरचे आजोबा म्हणाले, 'सापडलं वाटते धन.'

काकूंनी बटन बंद केलं. नुसतं बटन नाही, मेन स्विचही पाडला. बाहेर आल्या आणि ओट्यावर बसल्या. हातातलं लाटणं अजून सुटलं नव्हतं.

मग मी गाडीतून मशीन काढलं आणि काकूंना म्हटलं, 'आता एक मिनिट चालू करा.' दुरूनच मशीन वाफ्याकडे नेलं. ते ओरडायला लागलं, थांबेचना. पुन्हा मेन बंद करून, हाताने माती उकरली. वायर काकूंच्या घरातून गल्ली ओलांडून दीड वीत खोलीवर आली होती. पाइप नाही, विटा नाहीत, नुसती वायर. मधे एक जोड होता, त्यावर ब्रेडच्या पुड्याचं प्लास्टिक गुंडाळून सुतळी बांधलेली. तो जोड चिखलात होता. माझ्या टोच्याचं टोक त्याच्यापासून चार बोटांवर थांबलं होतं. जुना टोचा असता आणि काकू पोळ्या लाटायच्याऐवजी बाजारात गेल्या असत्या, तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही अर्धवट सोडतो.

तुराट्या बाजूला केल्या. खाली खड्डा, खड्ड्यात पाणी, पाण्यात पोत्याखाली झाकलेली छोटी मोटर. सकाळी नळ आला की फुटलेल्या लाइनमधून खड्डा भरायचा, आणि मोटर लावून ते पाणी वांग्यांना जायचं.

'तुमाले माहीत होतं, लाइन अथून फुटली हाय?' मी विचारलं.

'मले काऊन माहीत नाई राहीन? दोन वर्षं झाले.'

'मग आमाले नालीकडे काऊन पाठवलं?'

'वांगे मेले असते ना.' मग म्हणाल्या, 'पन तू मेला असता तं कसं चाललं असतं?'

त्यांना हवं असतं तर गप्प राहता आलं असतं. ओरडल्या तेव्हा त्यांना माहीत होतं की खड्डा, मोटर, वायर सगळं उघडं पडणार. तरी ओरडल्या. मिस्त्री मात्र एकदम भडकला. दोन दिवसांचा चहा त्याला आता आठवत होता. 'बाई, तुमी मले कामाले लावून फसवलं!' काकू म्हणाल्या, 'चहात साखर कमी होती का?'

साहेब आले. मी मशीन न फिरवल्याचं त्यांना आधीच सांगून टाकलं, कारण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त त्या ब्रेडच्या प्लास्टिककडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'मोजे होते ना?' मी हो म्हणालो. 'बरं झालं,' म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुन्हा पुन्हा पुसत राहिले. वायर त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावली. काकूंना त्यांनी जे सांगितलं ते हळू आवाजात सांगितलं. काकू पहिल्यांदाच कुणाचं मधे न बोलता ऐकत होत्या.

लाइन खड्ड्यातच मिळाली. हाताने, खुरप्याने मोकळी केली. दोन पाइपांच्या जोडावर बोट जाईल एवढी फट होती. जोड बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या घरांतून बायांचा गलका ऐकू आला. एका घरात दोन वर्षांपासून नळाची तोटीच काढून ठेवली होती. तिथे पाणी थेट चुलीपर्यंत गेलं. त्या घरची बाई चिडून मलाच बोलली, 'आधी सांगाले काय झालतं?'

आठ-दहा दिवसांत वांगी माना टाकायला लागली. काकूंनी ती उपटून गवार लावली, तिला पाणी कमी लागतं. बाजारात मी दिसलो की त्या अजूनही गिऱ्हाइकाला दाखवतात, 'हा पाह्य, यानंच माये वांगे मारले.' गिऱ्हाईक माझ्याकडे असं पाहतं, की मी मान खाली घालून पुढे निघतो.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. मी जेवत होतो.

'बाबू, अथी गल्लीत कोनीतरी खांबासाठी खड्डा करून राह्यलं. लोखंडाची सळाख घेऊन टोचून राह्यले. मी त्याइले थांबवून ठेवलं हाय.'

'काय सांगून थांबवलं, काकू?'

'म्हटलं, खाली करंट हाय.'

'आता कोठी हाय करंट? वायर तं काढली ना?'

'हाव, पन त्याइले कोठी माहीत हाय? तू ये लवकर. ते पीं पीं करनारं मशीन घेऊन येजो.'

मी ताट बाजूला सारलं आणि निघालो. गल्लीत पोचलो तेव्हा तीन धडधाकट माणसं पाय जुळवून, एकमेकांना धरून, रस्त्याच्या मधोमध उभी होती. काकू ओट्यावर बसून त्यांच्यासाठी चहा गाळत होत्या.